रघू म्हणजे राम नाही, रामाचा पणजोबा

नावं सुचवणाऱ्या कुठल्याही ॲपवर 'रघू' शोधा, अर्थाच्या रकान्यात बहुतेक वेळा एकच शब्द दिसतो: श्रीराम. नागपुरात कुणाला विचारलं तरी तेच उत्तर मिळेल. आपल्याकडे रघू म्हणून ओळखला जाणारा माणूस शाळेच्या दाखल्यावर बहुधा रघुनाथ असतो, आणि रघुनाथ म्हणजे राम हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यामुळे रघू म्हणजेही रामच, असा हिशेब होऊन बसला.

पण रघू आणि रघुनाथ ही दोन वेगळी माणसं आहेत. कालिदासाच्या 'रघुवंश' काव्यातली वंशावळ धरली तर दिलीप, त्याचा मुलगा रघू, रघूचा अज, अजाचा दशरथ आणि दशरथाचा राम. म्हणजे रघू हा रामाचा पणजोबा. वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात तर तो आणखी मागे जातो. तिथे रघू ककुत्स्थाचा मुलगा आहे, आणि रघू व अज यांच्यामध्ये कल्माषपाद, सुदर्शन, अंबरीष, नहुष, ययाती अशी मोठी रांग उभी आहे. दोन्ही ग्रंथ एका गोष्टीवर मात्र ठाम आहेत: रघू हा रामाचा पूर्वज. पूर्वजाचं नाव वंशजाला इतकं घट्ट चिकटलं, की नावाचा मूळ मालकच विस्मरणात गेला.

त्या मालकाआधीही हा शब्द होता, आणि तो नाव नव्हता, विशेषण होता. ऋग्वेदात 'रघु' म्हणजे वेगवान, चपळ. पहिल्या मंडलातल्या एका सूक्तात मरुतांच्या, म्हणजे वादळाच्या देवांच्या, घोड्यांना 'रघुष्यद' आणि 'रघुपत्वन्' म्हटलं आहे, म्हणजे वेगाने धावणारे, वेगाने उडणारे. राम नाही, राजा नाही, सूर्यवंश नाही. नुसती घोड्याची चाल.

याच शब्दाचं दुसरं रूप आपण रोज वापरतो: लघु. संस्कृतात र आणि ल यांची अदलाबदल जुनीच. वैयाकरणांनी अशा जोड्या टिपून ठेवल्या आहेत आणि त्यांत अंगुली-अंगुरी यांच्या शेजारी लघु-रघु बसलेले आहेत. जे हलकं ते चपळ, हा त्यातला साधा व्यवहार. पुढे वाटणी झाली. लघु हे रूप सर्वसाधारण वापरात राहिलं आणि त्याचा अर्थ हलका, छोटा असा झाला. रघु हे रूप मागे पडलं आणि फक्त एका राजाच्या नावात टिकलं. युरोपातल्या भाषांतही या शब्दाचे नातेवाईक आहेत. वजनाला हलका या अर्थाचा इंग्रजी 'लाइट' त्यांपैकीच. उजेडाचा लाइट वेगळा.

धातुपाठात, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मुळांच्या जुन्या यादीत, 'रघि' आणि 'लघि' असे दोन धातू एकत्र दिले आहेत, अर्थ: गती, जाणं. पुढे एक पुरवणी आहे, की 'लघि' हा जेवण सोडण्याच्या अर्थीही चालतो. आजी जे 'लंघन कर, पोट साफ होईल' म्हणते ते लंघन इथलं. आणि सीमोल्लंघनातलं उल्लंघनही इथलंच, पहिल्या अर्थाचं.

याच घरातलं एक नातं मात्र ऐकून कुणीही चकित व्हावं. 'लघुक' या शब्दाचं प्राकृतात 'लहुअ' झालं, मग ल आणि ह यांनी जागा बदलून 'हलुअ'. जैन आचार्य हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात या अदलाबदलीसाठी एक वेगळं सूत्रच दिलं आहे. त्या 'हलुअ'पासून मराठीत हळू आला, हलका आला. म्हणजे ज्या शब्दाचा अर्थ वेगवान, त्याचाच भाऊबंद मराठीत येईपर्यंत सावकाश चालायला लागला. 'हळू चाल रे रघू' असं म्हणणारी आई एकाच शब्दाचे दोन टोकांचे वंशज एका वाक्यात आणते.

आता राजाकडे येऊ. नावाचा अर्थ काय, हे कालिदासाला चांगलं माहीत होतं आणि त्याने तो लपवून ठेवला नाही. रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गात दिलीपाला मुलगा होतो, तेव्हा नाव ठेवण्यामागचं कारणच कवीने श्लोकात सांगितलं आहे. हे बाळ विद्येच्या पार जावं, आणि युद्धात शत्रूंच्याही पार जावं, अशी बापाची इच्छा. म्हणून 'जाणं' या अर्थाच्या धातूकडे पाहून अर्थ जाणणाऱ्या त्या राजाने मुलाचं नाव रघू ठेवलं. मूळ शब्द असे आहेत: 'अवेक्ष्य धातोर्गमनार्थमर्थविच्चकार नाम्ना रघुमात्मसंभवम्'. बारसं करताना व्याकरण उघडून बसलेला हा साहित्यातला एक दुर्मीळ बाप. आणि नाव मुलाने खरं केलं. चौथ्या सर्गात हा रघू दिग्विजयाला निघतो आणि चारी दिशा पालथ्या घालतो.

तेव्हा ॲपवर 'श्रीराम' लिहिलेलं दिसलं तर त्यावर काट मारून 'वेगवान. पार जाणारा' असं लिहायला हरकत नाही. तुमच्या बाजूने कालिदास आहे.

आता रघूचा राघव कसा झाला? इथे थोडं व्याकरण लागतं, पण ते मजेचं आहे. अमक्याचा वंशज असं सांगायचं असेल तर संस्कृतात नावाला 'अ' प्रत्यय लागतो आणि दोन बदल होतात. पहिल्या अक्षराचा स्वर वाढतो, म्हणून र चा रा. शेवटच्या उ चा ओ होतो, आणि त्या ओ पुढे अ आला की अव ऐकू येतं. रघु, राघो + अ, राघव. हाच साचा लावून मनूचा मानव, पांडूचा पांडव, यदूचा यादव, कुरूचा कौरव होतो. एकदा साचा कळला की ही नावं पाठ करावी लागत नाहीत. अगदी तसाच दिसणारा दुसरा शब्द म्हणजे लघुपासून लाघव. जादूगाराचं हस्तलाघव म्हणजे हाताची चपळाई. राघव आणि लाघव हे एकाच विहिरीचं पाणी.

म्हणून 'राघव' ठेवलं तर अर्थ होतो रघूचा वंशज, आणि तो राम असू शकतो, लक्ष्मण असू शकतो, भरतही असू शकतो. रघुनाथ, रघुपती, रघुवीर, रघुवर, रघुनंदन ही सगळी जोडनावं मात्र रामाकडेच बोट दाखवतात. या जोडनावांतला 'रघु' एकटा राजा नसून अख्खं घराणं आहे. संस्कृतात अनेकवचनी 'रघवः' म्हटलं की रघुकुळातले सगळे, असा अर्थ निघतो. रघुवंशाच्या सुरुवातीला कवी 'रघूणाम्', म्हणजे रघूंच्या, वंशाची कथा सांगतो म्हणतो, ती याच अर्थाने. आपण 'भोसल्यांचा वाडा' म्हणतो तेव्हा एका भोसल्याचा विचार करत नाही, तसंच. 'रघुपति राघव राजाराम' या भजनात पहिले दोन शब्द एकाच नावाची दोन रूपं आहेत: रघूंचा धनी, आणि रघूचा वंशज.

या सगळ्याचा नागपूरशी संबंध काय, असं कुणी विचारेल. उत्तरेला तासाभराच्या वाटेवर रामटेक आहे. कालिदासाच्या मेघदूतातला यक्ष ज्या रामगिरीवर शिक्षा भोगत होता तो हाच डोंगर, हे मत महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी यांनी नागपुरात बसून हिरिरीने मांडलं. वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिचा एक ताम्रपट 'रामगिरिस्वामीच्या पायाशी' बसून दिलेला आहे, आणि वाकाटकांची सत्ता याच भागात होती. दुसरी मतंही आहेत, छत्तीसगडमधल्या रामगढचा दावा करणारे आहेत. मला मिराशींचं पटतं. ज्यांना पटत नाही त्यांनीही मेघदूताची ती ओळ पाहावी. यक्ष ढगाला सांगतो, की निघण्याआधी या उंच डोंगराला मिठी मार, त्याच्या उतारांवर 'रघुपतिपदैः', रघुपतीच्या वंदनीय पावलांच्या, खुणा आहेत. कवीला तिथे राम, सीतापती, काहीही म्हणता आलं असतं. त्याने रघूचं नाव घेतलं. १९९७ साली रामटेकला स्थापन झालेल्या संस्कृत विद्यापीठाला कविकुलगुरू कालिदासाचंच नाव आहे, आणि गडमंदिराकडे चढताना ही ओळ आठवणारे पुष्कळ आहेत.

शहरात उतरलं की रघू राजवाड्यात भेटतो. नागपूरच्या भोसल्यांच्या गादीवर हे नाव तीनदा आलं. पहिले रघुजी, किताब सेनासाहेबसुभा, ज्यांच्या स्वाऱ्या बंगालपर्यंत पोहोचल्या. ते १७५५ मध्ये वारले. त्यांचे पुत्र जानोजी आणि मुधोजी. मुधोजींचा मुलगा दुसरे रघुजी, म्हणजे आजोबांचं नाव नातवाला. दुसऱ्या रघुजींच्या मुलाचं नाव परसोजी. आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी गादीवर बसवलेले तिसरे रघुजी हे दुसऱ्या रघुजींच्या मुलीचे पुत्र, पुन्हा नातूच. नाव दर वेळी एक पिढी ओलांडून येतं. महाराष्ट्रात आजोबांचं नाव नातवाला देण्याची जी रीत आहे ती इथे राजघराण्यात स्पष्ट दिसते. बाप हयात असताना बापाचं नाव मुलाला देऊन त्याला हाक कशी मारणार? सासऱ्याचं नाव तोंडाने न घेणाऱ्या सुनांच्या काळात तर अशा घरात नातवाला बाळासाहेब, बापू, आबा अशी दुसरी हाक लागायचीच. तिसरे रघुजी ११ डिसेंबर १८५३ रोजी वारले, औरस वारस नव्हता, आणि डलहौसीने संस्थान खालसा केलं. तीन रघुजींपुढे चौथा गादीवर आला नाही. शहरात रघुजीनगर राहिलं.

रघुजी की राघोजी, हा वाद घालण्यात अर्थ नाही. जुन्या कागदांत दोन्ही येतात. पहिल्या रघुजींची म्हणून ओळखली जाणारी तलवार २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र सरकारने मिळवली, तिच्या पात्यावर देवनागरीत कोरलेलं नाव राघोजी असं वाचलं गेलं आहे. हे राघो रूप खास मराठी वळणाचं. विठ्ठलाचा विठोबा, तसा रघुनाथाचा राघोबा. पेशव्यांमधले राघोबादादा म्हणजे रघुनाथराव. अकोले भागातले इंग्रजांविरुद्ध लढलेले, १८४८ मध्ये ठाण्याला फाशी गेलेले राघोजी भांगरे महादेव कोळी समाजाचे. नाव एका जातीचं किंवा एका प्रांताचं कधीच नव्हतं.

आणि नागपूरचा आणखी एक रघू, जो मराठी नव्हता. रावळपिंडीत जन्मलेले आचार्य रघुवीर फाळणीच्या सुमारास आपली सरस्वती विहार ही संस्था लाहोरहून नागपूरला घेऊन आले आणि इथे बसून त्यांनी इंग्रजी शब्दांना संस्कृत धातूंपासून पर्यायी शब्द घडवण्याचं प्रचंड काम केलं. संविधान सभेतही ते मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून गेले होते. धातूकडे पाहून शब्द पाडणारा माणूस, आणि नाव रघू. दिलीपाला आवडलं असतं.

इतकं छोटं नाव राजाला कसं चाललं, असंही कुणी विचारतं. आजचे आईबाप आरव, विहान, रुद्र अशी आखूड नावं शोधतात तेव्हा आजी म्हणते, 'काय बाई, आमच्या काळी चंद्रकांत, पुरुषोत्तम असायचे.' पण छोटं नाव ही जुनीच पसंती आहे. घरगुती संस्कारांचे नियम सांगणाऱ्या आश्वलायन गृह्यसूत्रात मुलाच्या नावाचे नियम दिले आहेत. सुरुवात घोष वर्णाने, म्हणजे ग, द, र अशा नादयुक्त अक्षराने, व्हावी, मध्ये य-र-ल-व पैकी एखादं असावं, शेवटी विसर्ग असावा, अक्षरं दोन किंवा चार. प्रतिष्ठा हवी असेल तर दोन, ब्रह्मवर्चस, म्हणजे विद्येचं तेज, हवं असेल तर चार. मुलांची अक्षरं सम, मुलींची विषम. आता 'रघुः' तपासा. र हा घोष वर्ण, अक्षरं दोन, शेवटी विसर्ग. मध्ये घ आहे, तिथे फक्त नियम चुकतो. चारांत तीन गुण, राजाला पुरे.

पत्रिका पाहणाऱ्यांकडे वेगळा हिशेब असतो. नक्षत्रावरून नावाचं अक्षर काढायच्या अवकहडा चक्रात पे, पो, रा, री ही चित्रा नक्षत्राच्या चार चरणांची अक्षरं. तिथे ऱ्हस्व-दीर्घ पाहत नाहीत, म्हणून रघू 'रा'मध्ये मोजला जातो: चित्राचा तिसरा चरण, रास तूळ. बाळाचं अक्षर वेगळं निघालं तरी काही बिघडत नाही. जन्मनाव पत्रिकेत राहतं आणि हाकेचं नाव आपल्या आवडीचं ठेवतात, हे सर्वांनाच माहीत आहे.

रघू राजाची एक गोष्ट मात्र महाराष्ट्रात घरोघर पोहोचलेली आहे, आणि गंमत म्हणजे तिथे त्याला कुणी राम समजत नाही. दसऱ्याची. रघूने विश्वजित यज्ञात सगळं दान करून टाकलं. तेवढ्यात वरतंतू ऋषींचा शिष्य कौत्स दारात आला. गुरूने चौदा विद्यांपोटी चौदा कोटी सुवर्णमुद्रा मागितल्या होत्या. राजाकडे पाहुण्याचं स्वागत करायला मातीचं भांडं उरलेलं. त्याने कुबेरावर स्वारी करायचं ठरवलं आणि कुबेराने त्याच रात्री सोनं पाडलं. कालिदासाच्या पाचव्या सर्गात हे सोनं राजाच्या कोषागारात पडतं. लोकांनी ते आपट्याच्या झाडावर पाडलं, उरलेलं गावात वाटलं, आणि तिथून दसऱ्याला आपट्याचं पान 'सोनं' म्हणून द्यायची रीत सांगितली जाते. आपटा कालिदासात नाही, आणि त्याने काही अडत नाही. संध्याकाळी सोनं द्यायला येणाऱ्या पोरांच्या खिशात पाच-पन्नास चुरगळलेली पानं असतात, आणि वाकून नमस्कार केल्यावर 'सोन्यासारखं राहा' हे ऐकायला मिळतं. माझ्या मते रघू या माणसाची खरी आठवण इथे राहिली आहे: एक कोटीही जास्त न घेणारा कौत्स आणि सगळंच देऊ पाहणारा राजा.

आता रोजची हाक. घरात रघू, शेजारी रघुभाऊ, हिंदी बोलणाऱ्या दुकानदाराकडे रघुजी, आणि कट्ट्यावर रघ्या. 'कुठी चाल्ला बे रघ्या?' यात अपमान नाही, हे नागपूरकराला सांगावं लागत नाही. पुण्याहून आलेल्याला सांगावं लागतं. 'रघूले बोलाव' असं म्हटलं तर कोणीही वळून पाहील. राघू मात्र वेगळा, तो पोपट. वेडा राघू तर पोपटही नाही; तो माश्या टिपणारा छोटा हिरवा पक्षी, अंबाझरीच्या बाजूला तारेवर बसलेला दिसतो. शाळेत रघूला राघू म्हणून चिडवणारा एक तरी भेटतोच, त्याला इलाज नाही.

शेवटची अडचण लिहिण्याची, आणि नागपुरात ती जरा जास्त आहे, कारण पाट्या, शाळा आणि दाखले मराठी-हिंदी दोन्ही. हिंदीत आणि संस्कृतात रघु, शेवटी ऱ्हस्व. मराठीच्या नियमांप्रमाणे व्यक्तीचं नाव सुटं लिहिताना शेवटचा इ-उ दीर्घ: हरी, विष्णू, रघू. समासात पहिलं पद असेल तर मूळचा ऱ्हस्व तसाच: हरिभाऊ, विष्णुदास, रघुनाथ. विभक्ती लागली की पुन्हा दीर्घ: रघूचा, रघूला. म्हणून एकाच माणसाच्या पत्रिकेवर 'चि. रघू' आणि दाखल्यावर 'रघुनाथ' असेल तर दोन्ही बरोबर आहेत. छंदाच्या नादी लागलेल्यांसाठी एवढंच, की संस्कृत रघु म्हणजे दोन लघू, आणि मराठी रघू म्हणजे लघू आणि गुरू.

जन्माची नोंद बाळाच्या नावाशिवायही होते आणि नाव नंतर भरता येतं, तेव्हा घाई नसते. भरताना मराठी रकान्यात एकदा जे लिहिलं, रघु किंवा रघू, तेच शाळेत आणि आधारवर राहील असं पाहा. रोमन लिपीत शेवटी एकच यू पुरे. दोन ओ लावून नंतर पासपोर्टच्या वेळी प्रतिज्ञापत्रं करत बसण्यापेक्षा ते सोपं.